हिरवी लाईट लागलेली, तरी नेट नाही: मायक्रोटिक हेक्स एसवर फेलओव्हर लावून बघितला

दोन कंपन्यांच्या लाईन घेतल्या, दोन्ही एका ड्युअल वॅन, म्हणजे दोन इंटरनेट लाईन घेणाऱ्या, राउटरला लावल्या, एक गेली की दुसरी चालेल, आता टेन्शन नाही असं ज्यांना वाटतंय त्यांनी हा रिव्ह्यू जरा वेळ काढून वाचा. मी छोट्या ऑफिसांची, क्लिनिकांची नेटवर्कं सांभाळतो आणि फेलओव्हरसाठी, म्हणजे एक लाईन गेली की आपोआप दुसरीवर जायला, बऱ्याच ठिकाणी मायक्रोटिकचा हेक्स एस राउटर लावलाय, म्हणजे आरबी ७६० आयजीएस हे जुनं मॉडेल, २०२५ चा नवा हेक्स एस नाही. डबा छोटासा आहे, पाच गिगाबिट पोर्ट, एक एसएफपी (फायबरचं मॉड्यूल बसतं ती जागा), एक यूएसबी, ८८० मेगाहर्ट्झचा ड्युअल कोअर प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. वायफाय नाही, पण त्यावरून नाक मुरडू नका, वायफायचं काम अ‍ॅक्सेस पॉइंटला करू द्या, इथे आपल्याला लाईन बदलणारा गडी हवाय.

आता खरा मुद्दा. लाईन बदलणं सोपं आहे, ते कुठलाही राउटर करतो. अवघड आहे ते लाईन गेली हे ओळखणं. बहुतेक स्वस्त ड्युअल वॅन राउटर काय करतात, तर वॅन पोर्टवर लिंक आहे का, म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाला चालू डबा आहे का, एवढंच बघतात. केबल काढली की लिंक पडते, राउटर दुसऱ्या लाईनवर जातो, विकणारा पण हाच डेमो दाखवतो आणि सगळे खूश. पण खऱ्या आयुष्यात तुमच्या राउटरची केबल कोण काढतंय? फायबर तुटते ती बाहेर रस्त्यावर. तुमच्या राउटरची केबल जाते ओएनटीमध्ये, म्हणजे कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यात, आणि ओएनटीला वीज आहे तोवर त्याचा लॅन पोर्ट मस्त चालू असतो, त्याच्यावर एलओएसची, म्हणजे फायबरचा सिग्नल गेल्याची, लाल लाईट पेटलेली असली तरी तुमच्या राउटरला मात्र १ जीबीपीएस, फुल डुप्लेक्स, लिंक अप असंच दिसतं. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) असेल तर तीच गोष्ट, त्यात लिंक फॉल्ट पास-थ्रू (एका बाजूची लिंक गेली की दुसरी पण पाडणारी) नावाची सोय नसेल किंवा डिप स्विचने बंद ठेवलेली असेल तर फायबर मेली तरी तांब्याच्या बाजूची लिंक जिवंत राहते. एका ऑफिसात आधीच्या राउटरवर असंच झालेलं, दुसरी लाईन अख्खा दिवस पगार घेऊन बसलेली आणि पहिल्या, मेलेल्या लाईनवर सगळे रिफ्रेश दाबत बसलेले.

मायक्रोटिकमध्ये याच्यावरचा पहिला उपाय म्हणजे डिफॉल्ट रूटला (बाहेर जायच्या मुख्य रस्त्याला) चेक-गेटवे पिंग लावणं. राउटर दर १० सेकंदांनी गेटवेला, म्हणजे लाईनच्या पलीकडच्या कंपनीच्या राउटरला, पिंग करतो (हाक मारून उत्तर येतं का बघतो), लागोपाठ दोन वेळा उत्तर आलं नाही की तो रूट बाद होतो आणि जास्त डिस्टन्सवाला, म्हणजे कमी पसंतीचा, दुसरा रूट पुढे येतो, म्हणजे साधारण २० सेकंदांचा खेळ. ठीक आहे, पण अर्धवट आहे, कारण तुम्ही पिंग करताय कंपनीच्या गेटवेला. गेटवे बऱ्याचदा जवळच असतो आणि बिघाड त्याच्या पलीकडे होतो. गेटवे आनंदाने उत्तर देत राहतो आणि इंटरनेटचा पत्ता नाही.

म्हणून हा राउटर घेतला तर रिकर्सिव्ह रूटिंग शिकाच, यासाठीच तो घ्यायचा. बाहेरचा एखादा कायम चालू असणारा पत्ता निवडायचा, त्या एका पत्त्यासाठी पहिल्या लाईनच्या गेटवेवरून जाणारा /३२ चा रूट टाकायचा, स्कोप (कोणता रूट कशासाठी चालेल ते ठरवणारा आकडा) १० ठेवायचा, आणि मग डिफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून कंपनीचा गेटवे न देता तो बाहेरचा पत्ताच द्यायचा, चेक-गेटवे पिंगसकट. मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे राउटरओएसच्या, ७ व्या आवृत्तीवर टार्गेट-स्कोप ११ करावा लागतो, जुन्या ६ मध्ये १० वर चालायचं, आणि इंटरनेटवरचे अर्धे लेख अजून ६ चेच आहेत त्यामुळे लोक जसंच्या तसं कॉपी करतात आणि रूट अ‍ॅक्टिव्हच होत नाही, मग राउटरला शिव्या. हे जमलं की पिंग लाईनच्या पार पलीकडे जाऊन येतो, मधे कुठेही तुटलं तरी कळतं.

इथे एक खड्डा आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक कॉपी-पेस्ट कॉन्फिगमध्ये असतो. लोक चेकसाठी गुगलचा ८.८.८.८ हा पत्ता वापरतात. आणि डीएचसीपीमधून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीतून) सगळ्या कॉम्प्युटरना डीएनएस (नावावरून साइटचा पत्ता सांगणारा सर्व्हर) पण ८.८.८.८ च दिलेला असतो. आता नीट बघा काय होतं. पहिली लाईन पलीकडे मेली, डिफॉल्ट रूट दुसरीवर गेला, छान, पण ८.८.८.८ चा तो /३२ रूट अजून पहिल्या लाईनलाच खिळलेला आहे, कारण लिंक चालू आहे. म्हणजे सगळं ट्रॅफिक दुसऱ्या लाईनवर आणि डीएनएसचे प्रश्न मात्र मेलेल्या लाईनमध्ये. लोकांना वाटतं फेलओव्हर झालाच नाही. चेकचा पत्ता आणि वापरातला डीएनएस नेहमी वेगळे ठेवा, आणि शक्यतो राउटरलाच डीएनएस कॅशे करायला लावा म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरचा पत्ता माहीतच नको. एका लाईनला दोन वेगळ्या मालकांचे चेक पत्ते ठेवले तर अजून बरं, एखाद्या सर्व्हरने पिंगला उत्तर देणं थांबवलं म्हणून चांगली लाईन सोडायला नको.

आता लाईन पूर्ण मरते तेव्हा गोष्ट सोपी असते, डोकं फिरवते ती अर्धमेली लाईन. समजा ३० टक्के पॅकेट गळताहेत. व्हिडिओ कॉल होत नाही, रिमोट डेस्कटॉप अडकतो, पण चेक-गेटवेला बाद करायला लागोपाठ दोन पिंग हरवायला हवेत, म्हणजे ३० टक्क्यांचे ३० टक्के, ९ टक्के. बहुतेक वेळा ती लाईन पासच होणार. आणि चुकून बाद झालीच तर परत यायला एकच यशस्वी पिंग पुरतो, तो १०० पैकी ७० वेळा येणारच. परिणाम काय, लाईन तिकडे जाते, परत येते, परत जाते, आणि प्रत्येक उडीला सगळ्यांचे कॉल तुटतात. सरळ मेलेली लाईन परवडली. चेक-गेटवेमध्ये ही मर्यादा आहे आणि तिला सेटिंग नाही, हा या राउटरचा खरा उणा मार्क. पीएफसेन्स या राउटर सॉफ्टवेअरमध्ये हे तयार मिळतं, तिथे डीपिंगर हा प्रोग्रॅम दर अर्ध्या सेकंदाला पिंग टाकतो, ६० सेकंदांची सरासरी काढतो आणि डिफॉल्टला २० टक्के लॉस किंवा ५०० मिलिसेकंद उशीर झाला की गेटवे खाली धरतो. ओपनडब्ल्यूआरटी या दुसऱ्या राउटर सॉफ्टवेअरच्या एमवॅन३ पॅकेजमध्ये पण किती फेल झाल्यावर खाली आणि किती पास झाल्यावर वर हे वेगवेगळं देता येतं.

मायक्रोटिकवर यासाठी नेटवॉच (पत्ता उत्तर देतो का तपासणारी सोय) आणि स्क्रिप्ट. राउटरओएस ७ मधला नेटवॉच चांगला सुधारलाय, आयसीएमपी, म्हणजे पिंगचा, प्रकार निवडला की लॉस, सरासरी उशीर, जिटर (उशिरातला चढउतार) या सगळ्यांच्या मर्यादा देता येतात, शिवाय टीसीपी कनेक्शन किंवा एचटीटीपी करून पण तपासता येतं. पण डिफॉल्ट आकडे तसेच ठेवू नका. लॉसची मर्यादा डिफॉल्टला ८५ टक्के आहे, तोवर माणसं घरी गेलेली असतील, आणि सरासरी उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद आहे जी मोबाईल डेटावर चांगल्या दिवशी पण ओलांडली जाऊ शकते. शिवाय दहा पिंग ५० मिलिसेकंदांच्या अंतराने जातात, म्हणजे सगळी परीक्षा अर्ध्या सेकंदात उरकते, लाईनला नेमका तेव्हाच ठसका लागला तर नापास. मी पॅकेटमधलं अंतर वाढवतो आणि लॉस २० टक्क्यांच्या आसपास आणतो. नेटवॉचच्या अप आणि डाउन स्क्रिप्ट फक्त स्थिती बदलली तरच चालतात आणि त्यांना परवानग्या पण मर्यादित असतात, म्हणून मोजदाद करायची असेल तर शेड्युलरवर वेगळी स्क्रिप्ट ठेवायची: तीन वेळा सलग नापास झाली तर पहिल्या रूटचा डिस्टन्स वाढव, आणि परत आणायला मात्र दहा वेळा सलग पास पाहिजे. जाताना पटकन, येताना सावकाश. एवढ्या एका नियमाने लाईनींची उड्या मारायची सवय जाते.

नेटवॉच वापरताना अजून एक बारकी गोष्ट आहे जी सहसा कोणी लिहीत नाही. पहिल्या लाईनची लिंकच पडली, म्हणजे कोणी खरंच केबल काढली, तर चेक पत्त्याचा /३२ रूट निष्क्रिय होतो, आणि मग नेटवॉचचा पिंग गपचूप डिफॉल्ट रूटने, म्हणजे दुसऱ्या लाईनवरून, जाऊन येतो! नेटवॉच म्हणतो पहिली लाईन झकास आहे. म्हणून त्याच पत्त्याचा एक ब्लॅकहोल रूट जास्त डिस्टन्सने, समजा २० ने, टाकून ठेवायचा, म्हणजे पहिली लाईन नसेल तेव्हा तो पिंग कुठूनच जाणार नाही आणि नापासच होईल. रिकर्सिव्ह रूटमध्ये हा प्रश्न येत नाही कारण डिफॉल्ट रूटचा स्कोप ३० असतो आणि तो टार्गेट-स्कोपमध्ये बसत नाही.

रूट बदलला म्हणजे काम झालं असंही नाही, आधीपासून चालू असलेली कनेक्शनं हा वेगळाच विषय आहे. राउटरच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये जुन्या कनेक्शनची नोंद जुन्या लाईनच्या पत्त्यानेच असते. मास्करेड (आतल्या सगळ्यांना लाईनच्या पत्त्याने बाहेर पाठवणारी सोय) वापरत असाल तर इंटरफेस पडल्यावर किंवा त्याचा पत्ता बदलल्यावर राउटर त्या नोंदी स्वतः साफ करतो, हे उत्तम. पण आपल्या केसमध्ये इंटरफेस पडलेलाच नाही, बिघाड पलीकडे आहे! मग नोंदी तशाच राहतात. ब्राउझर नवीन कनेक्शन उघडतो म्हणून चालू होतो, पण आयपी फोन? तो सिपचं (इंटरनेटवरच्या फोनचं) रजिस्ट्रेशन टिकवायला सारखा थोड्या थोड्या वेळाने यूडीपी पॅकेट टाकत राहतो, यूडीपी स्ट्रीमचा टाइमआउट डिफॉल्टला ३ मिनिटं, त्याच्या आत पुढचं पॅकेट आलं की नोंदीला परत आयुष्य मिळतं, आणि पॅकेटं जुन्याच पत्त्याचा शिक्का घेऊन नव्या लाईनवरून बाहेर पडतात, उत्तर कधीच येत नाही. नेट चालू, फोन बंद, आणि लोक फोन रीस्टार्ट करत बसतात, त्याने पण फायदा नाही कारण पोर्ट बहुतेक तोच असतो. म्हणून फेलओव्हरच्या स्क्रिप्टमध्येच जुन्या लाईनची कनेक्शनं काढून टाकायची ओळ असलीच पाहिजे, आणि परत येतानाच्या स्क्रिप्टमध्ये पण. व्हीपीएनसाठी वायरगार्ड असेल तर ते मात्र सुंदर वागतं, त्याला समोरचा पत्ता बदललेला चालतो, किल्ली (की) जुळली म्हणजे झालं, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा आणि निर्धास्त रहा.

लाईनचा प्रकार पण बघा. पीपीपीओई (युझरनेम-पासवर्डने जोडणारी लाईन) असेल तर त्याची स्वतःची तपासणी असते, राउटरओएसमध्ये कीपअलाइव्ह डिफॉल्टला १० सेकंद आहे, त्यामुळे सर्व्हरपर्यंतचा बिघाड तो स्वतःच पकडतो आणि इंटरफेस खाली टाकतो, पण सर्व्हरच्या पलीकडे गडबड असेल तर परत तोच रिकर्सिव्ह किंवा नेटवॉचचा रस्ता. डीएचसीपीवाली लाईन असेल तर गेटवे बदलू शकतो, मग हाताने टाकलेला रूट एक दिवस चुकीचा निघतो, त्यासाठी डीएचसीपी क्लायंटच्या स्क्रिप्टमध्येच गेटवे बदलून घ्यायचा आणि आपोआप डिफॉल्ट रूट टाकणं बंद करायचं. मोबाईल डेटा बॅकअपला असेल तर यूएसबीला डोंगल चालतं, सगळी चालतील असं नाही, आधी मायक्रोटिकची यादी बघा. आणि हे लक्षात ठेवा की मोबाईल लाईनवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक पत्ता मिळत नाही, बाहेरून आत येणारं काही, कॅमेरा वगैरे, त्या वेळात बंदच राहणार.

आता हेक्स एस मधला 'एस', म्हणजे एसएफपी, ज्यासाठी मी साधा हेक्स न घेता हा घेतो. फायबर थेट राउटरमध्ये येत असेल आणि मॉड्यूलमध्ये डीडीएम (स्वतःचं मोजमाप सांगायची सोय) असेल तर राउटर तुम्हाला प्रकाश किती येतोय ते डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दाखवतो, सोबत तापमान, आणि सिग्नल गेला तर आरएक्स लॉस. लाईन मरायच्या आधी ती आजारी पडते आणि हा आकडा ते सांगतो. ३ डीबी पडले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. गिगाबिट एलएक्स मॉड्यूलची मर्यादा स्टँडर्डप्रमाणे -१९ डीबीएम आहे, तुमचा आकडा लावल्या दिवशी -१० होता आणि आता -१६ दिसतोय तर नेट अजून झक्कास चालत असेल पण कुठेतरी फायबर वाकलीय किंवा कनेक्टर घाण झालाय, आत्ताच माणूस बोलवा. मी शेड्युलरवर एक स्क्रिप्ट ठेवतो जी रोज हा आकडा लॉगमध्ये टाकते आणि ठरवलेल्या पातळीखाली गेला की मेल करते. यासाठी पहिल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, तो नसेल तर तुलना कशाशी करणार. ओएनटी वेगळी असेल तर ही मजा नाही, तिथे ओएनटीच्या पानावर जाऊन बघावं लागतं, जीपॉनच्या (घरोघरी येणाऱ्या फायबरचा प्रकार) बी प्लस क्लासमध्ये ओएनटीची मर्यादा -२७ डीबीएम, त्यामुळे -२५ च्या पुढे गेलेली लाईन मला आवडत नाही.

तांब्याच्या केबलला पण आजार कळतात. लिंक किती वेळा पडली आणि शेवटची कधी पडली हे राउटर इंटरफेसच्या माहितीत ठेवतो, एफसीएस एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर केबल किंवा क्रिम्पिंग गेलंय. आणि गिगाबिटची लाईन अचानक १०० वर आली असेल तर चारपैकी एखादी जोडी तुटलीय, कारण १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, लिंक पडत नाही, फक्त स्पीड जातो आणि सगळे कंपनीला फोन लावतात.

राउटरच गेला तर काय, हा प्रश्न बरोबर आहे. दोन हेक्स एस घेऊन व्हीआरआरपी लावता येतं, दोघांमध्ये एक सामाईक गेटवे पत्ता, मास्टर दर सेकंदाला हजेरी देतो, बॅकअपची प्रायॉरिटी १०० असेल तर साधारण ३.६ सेकंद हजेरी आली नाही की तो ताबा घेतो. छान चालतं. पण व्हीआरआरपी बघतो फक्त लॅनची बाजू! मास्टरच्या दोन्ही वॅन मेल्या तरी तो हजेरी देतच राहणार आणि गेटवे सोडणार नाही, म्हणून वॅनच्या तपासणीची स्क्रिप्ट लाईन गेल्यावर त्याची प्रायॉरिटी पण खाली आणेल असं जोडा. राउटरओएस ७ मध्ये दोघांत कनेक्शन ट्रॅकिंग सिंक करायची सोय आहे. विजेच्या बाजूने हा डबा चांगला आहे, डीसी जॅक आणि पहिल्या पोर्टवर पीओई असे दोन मार्ग आहेत, दोन्ही वेगवेगळ्या सोर्सवर लावा. आणि ओएनटी यूपीएसवर घ्यायला विसरू नका, राउटर यूपीएसवर आणि ओएनटी भिंतीच्या प्लगला असं मी फार ठिकाणी बघतो.

टेस्टिंगबद्दल माझा आग्रह आहे. राउटरची केबल काढून केलेली टेस्ट मी धरत नाही. राउटर आणि ओएनटीच्या मधे एक साधा स्विच ठेवा आणि स्विचच्या ओएनटीकडच्या बाजूची केबल काढा, म्हणजे राउटरला लिंक दिसत राहील पण पलीकडे काही नसेल. त्याच वेळी एक फोन कॉल, एक मोठं डाउनलोड आणि एक व्हीपीएन चालू ठेवा, आणि किती सेकंदांनी काय परत आलं ते लिहा. मग केबल परत लावा आणि परत येतानाचं पण बघा, बहुतेक लोक जातानाचंच बघतात. लांबून कॉन्फिग करत असाल तर सेफ मोड चालू करून करा, कनेक्शन तुटलं तर राउटर बदल मागे घेतो, मायक्रोटिकची ही सोय मला सगळ्यात जास्त आवडते.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. ज्यांना स्क्रिप्ट, रूट, स्कोप हे शब्द बघूनच नको वाटतं आणि सांभाळायला कोणी माणूस नाही, त्यांनी नको, त्यांनी बाहेरच्या पत्त्याला पिंग करून तपासणारा तयार ड्युअल वॅन राउटर घ्यावा, घेण्याआधी ही एक सोय आहे का एवढं मात्र विचारून. ज्यांना दोन्ही लाईनवर एकाच वेळी लोड वाटायचाय त्यांनी ध्यानात ठेवा की फास्टट्रॅक (पॅकेट शॉर्टकटने पाठवायची सोय) चालू असेल तर मँगलचे (पॅकेटवर खूण करणारे) नियम ओलांडले जातात, लोड बॅलन्सिंगचा गोंधळ होतो, आणि फास्टट्रॅक बंद केला की या प्रोसेसरवर स्पीड उतरतो, मग वरचं मॉडेल बघा. फ्लॅश फक्त १६ एमबी आहे, त्यामुळे जास्तीची पॅकेजेस टाकत बसू नका आणि बॅकअपच्या फायली मायक्रोएसडी कार्डवर ठेवा. बाकी पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो चेक-गेटवेमध्ये फेल आणि पासचे आकडे देता येत नाहीत म्हणून, ते एका अपडेटमध्ये आलं तर माझी स्क्रिप्ट मी त्याच दिवशी काढून टाकेन.